घोटीच्या पोपटाला कावीळ

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करणाऱ्या बाईला निवृत्तीनंतर कुणी एकशेदहा ग्रॅमचा पेशंट देतं का? मला दिला. आणि एकदा दिला तो दिलाच. आता आमच्या इंदिरानगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत आठवड्याला दहा-बारा पक्षी येतात आणि त्यातले निम्मे एकाच जातीचे असतात, सन कोनूर. इंग्रजीत त्याचा उच्चार जरा निराळा आहे म्हणे. पण विकणारे, पाळणारे आणि मी, आम्ही सगळे कोनूरच म्हणतो. हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी फजिती ह्या एका शब्दानं केलेली आहे.

इगतपुरी आणि पेठ तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत मी उभी हयात काढली. "बाई, डॉक्टर कुठं गेले?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एकदा वैतागून "जेवायला गेलेत" असं सांगितलं आणि गाय तपासून मोकळी झाले. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना खरं तर तेच किस्से हवे होते, बैल, पाडे, बिबट्यानं ओरबाडलेल्या शेळ्या. पण बाई, मला विचाराल तर माझ्या डॉक्टरकीची खरी परीक्षा घेतली ती एका पोपटानं, आणि तीसुद्धा निवृत्तीनंतर. नापास झाले की पास, ते तुम्हीच ठरवा.

घरी दवाखान्याची पाटी लावली तेव्हा वाटलं होतं, कुत्री येतील, मांजरं येतील, सावकाश चहा पीत काम करू. तिसऱ्या दिवशी कॉलेजातली एक मुलगी खांद्यावर आंबा ठेवून आत आली. जवळ आल्यावर आंब्यानं डोळे मिचकावले.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही हो मॅम, नुसता ओरडतो."

तेवढ्यात तो ओरडला. माझ्या हातातला कप खाली गेला, आतल्या खोलीतून आमचे हे धावत बाहेर आले, आणि समोरच्या बंगल्यातल्या काकांनी खिडकी उघडून "गॅस गळतोय का?" असं विचारलं. मी पक्षी उलटासुलटा करून तपासला आणि निदान सांगितलं, "एकदम ठणठणीत आहे."

सन कोनूर हा दक्षिण अमेरिकेतला छोटा पोपट. अंगानं पिवळाजर्द, गालावर आणि पोटावर केशरी, पंखांच्या टोकांशी हिरव्या-निळ्या रंगाचा हात फिरवलेला. बोलत फारसा नाही. त्याला 'राम राम' शिकवायला बसलात, तर दोन वर्षांनी तो 'राम राम' म्हणायच्या ऐवजी तुम्हीच किंचाळायला लागाल. पण माया इतकी लावतो की माणूस घरातल्या माणसांना विसरतो. शर्टाच्या गळ्यातून आत शिरतो, पोटावर झोपतो, चष्म्याचे स्क्रू काढून ठेवतो. आपला साधा हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात पाळायला कायद्यानं बंदी आहे. हे परदेशी पाहुणे मात्र सरकारदरबारी नोंद करून पाळता येतात. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो, म्हणजे घेताना आपलं वय मोजून घ्यावा.

पथ्यपाणी लय. नॉनस्टिकचा तवा चुलीवर जळला, तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत जातो. चॉकलेट नको, मीठ नको, अॅव्होकॅडो तर मुळीच नको. द्राक्षं चालतात, पण आपण नाशिककर, फवारणी काय असते ते आपल्याला काय सांगायचं, तीनदा धुवायची. आणि कांदा विष. हे मी लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला सांगितलं, तर त्यांनी आधी दोन्ही हातांनी पक्ष्याचे कान झाकले. मग मला हळूच म्हणाले, "म्याडम, त्याच्यासमोर नका बोलू. आमचं घर कशावर चालतं ते त्याला अजून ठाऊक नाय."

असे दिवस मजेत चालले होते. मी स्वतःला पक्ष्यांची मोठी जाणकार समजायला लागले होते. 'गर्वाचं घर खाली' असं आपल्याकडे म्हणतात ना, ते घर माझ्या बाबतीत घोटीला निघालं.

थंडीचे दिवस होते. टेबलावर एक लॅब्रेडोर आडवा, त्याच्या पायाला टाके घालत होते, आणि फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन अडकवून मी बोलायला लागले. डॉक्टरांनी कधीही करू नये अशी ही गोष्ट आहे, आणि झाडून सगळे डॉक्टर ती करतात.

"म्याडम, वळखलं का? घोटीचा रामनाथ. भाताची गिरणी."

रामनाथ अण्णांना मी कशी विसरेन! त्यांची गाय अडली होती त्या रात्री मी पहाटेपर्यंत गोठ्यात बसले होते, तेव्हापासून त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल मी. दर वर्षी नव्या तांदळाची गोणी दारात यायची.

"अण्णा, बोला. गाय काय म्हणते?"

"गाय मजेत हाय. पोपटाला कावीळ झाली."

मला हसू आलं. "कशावरून म्हणता?"

"पिवळा पडत चाललाय ना! आणला तवा हिरवागार व्हता. आमच्या मंडळींनी नावच पाचू ठेवलंय. आधी डोकं पिवळं झालं, मग छाती. आता पाठीवरबी चढत चाललंय."

"पोपट कुठला?"

"भाच्यानं दिला ठाण्याहून. कन्नूरचा हाय म्हने."

कन्नूर! म्हणजे केरळ. भूगोल माझा शाळेपासून पक्का. केरळातला हिरवा पोपट म्हणजे देशीच की! आणि देशी पोपट दवाखान्यात आला म्हणजे आणखी भानगड. बरं, हिरव्या पोपटाचं लिव्हर बिघडलं तर त्याची पिसं खरोखर पिवळी पडू शकतात, हेही माझ्या डोक्यात होतं. अर्धवट ज्ञान वाईट म्हणतात, पण पूर्ण ज्ञान आणि अर्धवट कान हे त्याहून वाईट.

"कावीळच असणार अण्णा, लिव्हरचं आहे. सूर्यफुलाच्या बिया अगदी बंद करा, तेल असतं त्यांत. हलकं खायला द्या, ग्लुकोजचं पाणी द्या. इकडं आणू नका, देशी पोपट पाळायला बंदी आहे. बरा झाला की वन खात्याच्या ताब्यात द्यावा लागेल हं." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि लॅब्रेडोरचा शेवटचा टाका घातला. फार सुबक टाका होता तो. त्याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला.

नऊ दिवस अण्णांचा फोन नाही. बरा झाला असेल, असं मी धरून चालले. दहाव्या दिवशी सकाळी दारात पिकअप थांबली. अण्णा उतरले आणि मागून त्यांच्या पत्नी सुमनताई, दोन्ही हातांत भली मोठी टोपली, टोपलीत मेथीच्या जुड्या.

"अहो, एवढी मेथी कशाला?" मी म्हटलं.

सुमनताईंनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकी लावली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मेथी नाय वो. खाली पाचू हाय. वाटंत वन खात्याचं कुणी धरलं तर काय करायचं?"

मी मेथी बाजूला केली. खाली छोटा पिंजरा, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून, मान पाठीत खुपसून बसलेला एक पक्षी. पिवळाजर्द. गालावर केशरी. पंखांच्या टोकांशी हिरवा.

माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला, तो दिवाळी अंकात छापता येणार नाही.

कन्नूरचा नव्हे हो, कोनूर! सन कोनूर! भाच्यानं 'सन कोनूर' सांगितलं, अण्णांनी 'सन' गाळला आणि 'कोनूर'चं कन्नूर करून टाकलं. आणि सन कोनूरचं पिल्लू हे हिरवंच असतं. वर्षाच्या आसपास एकेक पीस गळतं, त्या जागी पिवळं येतं, आणि बघता बघता अख्खा पक्षी उजळून निघतो. पाचूला कावीळबिवीळ काही झाली नव्हती. पाचू वयात आला होता.

पण हे झालं दहा दिवसांपूर्वीचं. आज तो खरोखर आजारी होता. हातात घेतला तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. काट्यावर ठेवला, ब्याऐंशी ग्रॅम. एकशेदहाचा पक्षी ब्याऐंशीवर म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या साठ किलोच्या माणसानं दहा दिवसांत पंधरा किलो गमावले.

"काय काय केलंत?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

सुमनताई सांगत गेल्या आणि मी टेबलाची कड धरून ऐकत गेले. पाचू फक्त सूर्यफुलाच्या बिया खायचा, दुसऱ्या कशाला चोच लावायचा नाही. त्या बिया पहिल्याच दिवशी बंद. ग्लुकोजपेक्षा उसाचा रस चांगला म्हणून रस. काविळीला फुटाणे लागतात म्हणून फुटाणे. तो रसही पिईना, फुटाणेही खाईना. कुणाच्या तरी ओळखीनं कावीळ उतरवणारा आणला. त्यानं चुन्याच्या निवळीत पाचूचे पाय धुतले, आणि निवळी पिवळी झाली!

"सोत्ताच्या डोळ्यांनी बगितली म्याडम, पिवळी!" अण्णा म्हणाले.

निवळी पिवळी होते ती उतरवणाऱ्याच्या हातातल्या करामतीनं, हे मी तीस वर्षं गावोगाव सांगत आले. त्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं.

"अन् समदं हिच्यामुळं," अण्णांनी बायकोकडं बोट केलं. "खात नसला तरी जेवताना ताटातला पिवळा भात त्याच्या चोचीला लावायची. मी हजारदा सांगितलं, हळद पाखराला मानवत नाय. झाला ना पिवळा!"

सुमनताई खाली मान घालून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाचू बरा होईस्तोवर हळदीला हात लावणार नाय असं बोललेय मी देवीला."

म्हणजे दहा दिवस त्या घरात वरण पांढरं, पोहे पांढरे, पिठलं पांढरं! एरवी मी हसून हसून गडाबडा लोळले असते. पण त्या बाईचा चेहरा बघवत नव्हता. नवरा दिवसभर गिरणीवर; मुलगा-मुलगी दोघंही लांब; घरात बोलायला हा एक पक्षी, आणि आपल्याच हातानं आपण तो मारतोय, असं तिला पक्कं वाटत होतं.

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं, बिया बंद करायला मी सांगितलं, कावीळ मी म्हटलं, आणू नका मी म्हटलं. नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, "हळदीनं काही झालेलं नाही. ही ह्याची जातच पिवळी. वन खातं नेत नाही ह्याला, नोंदणीचं भाच्याला विचारा. अशक्त झालाय फार. माझ्याकडं ठेवून जा."

"मंग वाळला कशानं?" अण्णा म्हणाले. "हिच्याच हाताळण्यानं असंल. सारखी कुरवाळीत बसती. ते बरं, तुम्ही फोनवर येळंवर सांगितलं, म्हून येवढा तरी तगला."

त्यांनी माझे आभार मानले हो! मी ते घेतले.

मग सुरू झाली पाचूची सेवा. खोक्यात बल्ब लावून ऊब दिली. पेज करतात तसं पातळ खाणं, कोमट करून, सिरिंजला बारीक नळी जोडून दर दोन तासांनी थेट गळ्याखालच्या पिशवीत. बैलाला सुई टोचताना चार माणसं धरायला लागायची. इथं एकटीनं दोन बोटांत मान धरायची आणि श्वास रोखायचा, पक्ष्यानं नव्हे, आपण. नळी चुकून श्वासनळीत गेली की खेळ खलास. माझे हे गणिताचे मास्तर, निवृत्त. त्यांना पक्ष्यांची आवड शून्य, पण आकड्यांची फार. दुधाच्या कॅलेंडरवर ते रोज सकाळी वजन लिहायचे. ब्याऐंशी. ऐंशी. ऐंशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी आकडा लिहिला आणि पेन कॅलेंडरवरच टेकवून उभे राहिले. "वाढेल," म्हणाले. मास्तरांनी पुराव्याशिवाय केलेलं हे पहिलं विधान.

रोज दहाच्या ठोक्याला सुमनताईंचा फोन. एकच प्रश्न, "वरडला का?"

कोनूर गप्प बसला म्हणजे काही खरं नाही, हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ह्या बाईला कळलं होतं. मी रोज "अजून नाही" म्हणायचे, आणि पलीकडून "बरं" येऊन फोन बंद व्हायचा. त्या 'बरं'नं माझं काळीज पोखरून काढलं.

पाचव्या दिवशी सकाळी हे आरशासमोर दाढी करत होते. पाचूला ऊन मिळावं म्हणून खोकं तिथंच खिडकीशी ठेवलेलं. मी स्वयंपाकघरात पेज कोमट करत होते, आणि अचानक घराचं छप्पर उडालं! अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. पाठोपाठ ह्यांची किंकाळी. मी धावले. हे अर्ध्या गालाला साबण, अर्ध्या गालावर रक्ताचा ओघळ अशा अवतारात नाचत होते. होय, नाचत! "ओरडला! अगं, ओरडला! माझ्या कानात ओरडला!" मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघं साठी उलटलेली माणसं बाथरूमच्या दारात फुगडी घालायला लागलो. समोरचे काका खिडकी उघडून "आज काय गळतंय?" म्हणून विचारत होते. मी त्यांना पेढे देईन म्हणून सांगितलं.

दहा वाजायची वाट कोण बघतो? मीच फोन लावला, काही बोलले नाही, पाचूच्या तोंडाशी धरला. पठ्ठ्यानं दुसरी मारली. पलीकडे मग सुमनताई मोठमोठ्यानं हसायला लागल्या, आणि हसता हसता हुंदके द्यायला लागल्या. मागून गिरणीचा आवाज येत होता. "अवो, बंद करा ती मशीन!" असं त्या कुणावर तरी खेकसल्या. गिरणी बंद पडली आणि पाचूनं तिसरी मारली.

त्यानंतर कॅलेंडरवरचे आकडे कसे पळत सुटले! पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव. पाचू पेरू खायला लागला, मोड आलेले मूग खायला लागला, ह्यांच्या सदऱ्याची तीन बटणं खाऊन झाली. हे त्याला पाढे शिकवायला बसले. सतराच्या पाढ्याला पाचू दर वेळी किंचाळायचा. ह्यांचं म्हणणं, वर्गातही तसंच व्हायचं.

एकशेचार ग्रॅम झाला त्या दिवशी मी त्या दोघांना बोलावलं. न सांगता भागलं असतं, खरं सांगते. कुणाला काही कळलं नसतं. अण्णांनी वर आणखी एक गोणी तांदूळ आणला असता. पण अण्णा आत आले ते बायकोला हसत हसत हेच म्हणत, "ने आता, अन् पुन्यांदा हाताळून मारू नको त्याला!" सुमनताईंनी पाचूकडं नेलेला हात मागं घेतला. तो मागं घेतलेला हात बघितला आणि माझा बांध फुटला.

"अण्णा, थांबा. त्यांनी काही केलेलं नाही. तुमचा पोपट मी आजारी पाडला."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं. कन्नूर ऐकलं ते, न बघता कावीळ म्हटलं ते, बिया बंद करायला लावल्या ते, वन खात्याची भीती घातली ते. "तो उपाशी राहिला म्हणून वाळला, आणि उपाशी राहिला तो माझ्या सांगण्यावरून. तुम्ही इथं आलात त्याच दिवशी मला हे कळलं होतं. बोलायची लाज वाटली."

अण्णा पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

सुमनताई आधी त्यांच्याकडं वळल्या. "ऐकलं का वो?" अण्णांनी ऐकलं होतं, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्या माझ्याकडं वळल्या, आणि जी बाई एवढे दिवस 'बरं'च्या पुढं गेली नव्हती, तिचं तोंड सुटलं.

"अन् तुम्ही! येवढ्या शिकलेल्या! जनावराला हात लावल्याबिगर सांगता व्हय? आमच्या घोटीतला कंपाउंडरबी आधी डोळ्याची खालची पापनी वढून बगतो! मी रातंदिस म्हनत व्हते, माझ्याच हातात कायतरी खोट हाय. पाखरू हातावर येऊन बसायचं, चोच उघडायचं, अन् मी त्याला बी देत नव्हते, तुमचा शब्द म्हनून! तेला काय वाटलं असंल वो?"

सरकारी नोकरीत मला साहेबांनी झापलं, मंत्र्यांच्या माणसांनी झापलं, एकदा एका वळूनं शिंगावर घेतलं. पण इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलंही नाही. पाचू ह्या सगळ्या वेळात पिंजऱ्याच्या दारातून बाहेर निघाला, टेबलावरून तुरुतुरु चालत गेला आणि सुमनताईंच्या पदराला धरून खांद्यावर चढला. तिथं बसून त्यानं त्यांच्या कानात अशी एक हाणली की त्यांचं बोलणंच तुटलं.

त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता पाचूला घेतील, निघतील, आणि माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि पाचूला खांद्यावरून काढून दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात धरला.

"आता सांगा, याला काय खायला घालू," त्या म्हणाल्या. "अन् या टायमाला त्याच्याकडं बगून सांगा."